माळावरचा लिंब आणि आमची चंद्री

आदरणीय व्याही आप्पासो यांना आटपाडीकडच्या माळावरून हरिबाचा वाकून रामराम. (पाठ धरली आहे, त्यामुळे पावसाळ्यापासून सगळ्यांनाच वाकून करतो आहे, पण तुम्हाला मनापासून.) तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आमची शिवांजली तुमच्या घरी सुखात आहे हे तिच्या फोनवरून कळतं, कारण ती आता आमच्याशी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. उंब्रजला पाणी मुबलक आहे, तेव्हा तुमच्या उसाची खुशाली विचारत नाही. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही मधेच बोलता.

तर आप्पासो, आमच्या गावात ब्लॉकचेन आली. सायकलची चेन नव्हे, मीही आधी तेच समजलो होतो. आमचे सरपंच नानासो यांची सून प्रांजल पुण्यात संगणकाचं काम करते. तिनं चावडीसमोर सगळ्यांना बसवून सांगितलं, की समजा गावाची एक वही आहे आणि तिची नक्कल प्रत्येक घराच्या फोनात आहे. कुणी काही लिहिलं की आजूबाजूच्या घरांनी "बरोबर" असं दाबायचं, मगच ते वहीत चढतं. आणि एकदा चढलं की खोडता येत नाही, सरपंचालाही नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहायची, वरची तशीच राहते. हे ऐकून नानासोंनी सुनेकडे असं पाहिलं, की मला त्या पोरीची काळजी वाटली.

कारण तुम्हाला आमच्या गावचं वृक्षारोपण ठाऊक नाही. रस्त्याच्या कडेला एक खड्डा आहे. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात झाड लावतात, फोटो काढतात, झाड वाळतं, खड्डा पुढच्या साहेबांची वाट पाहतो. नानासोंनी या वर्षीही सवयीनं तिथंच रोप धरून फोटो टाकला, तर शेजारच्या घरांपैकी एकानंही "बरोबर" दाबलं नाही. बिचारे दिवसभर फोन हातात धरून बसले होते. शेवटी माळावर जाऊन स्वतः कुदळ मारली. (माझी पाठ त्याच दिवशी गेली. फोटोत कुदळ त्यांच्या हातात होती, पण खड्डा मी खणला होता.)

ठरलं असं होतं, की घरटी काही झाडं माळावर लावायची, दर महिन्याला फोटो टाकायचा, आणि झाडं जगताहेत असं वहीत दिसलं तर शहरातली काही मंडळी माळाला ठिबकच्या नळ्या आणि पाण्याची टाकी देणार. आमच्याकडे टाकी म्हणजे काय, हे तुम्हाला कृष्णाकाठी बसून कळायचं नाही.

आणि मग आमच्या चंद्रीनं बनाबाईचा लिंब खाल्ला.

चंद्री म्हणजे आमच्या कारभारणीची, मनुबाईची शेळी. बनाबाई म्हणजे आमची शेजारीण, नवरा जाऊन वर्ष झालेली. तिनं तो कडुलिंब त्याच्या नावानं लावला होता आणि रोज कळशीभर पाणी घेऊन चढण चढत होती. मी पोचलो तेव्हा चंद्री शेंडा चघळत होती आणि तिच्या तोंडावर पश्चात्ताप काही दिसला नाही. मी नानासोंकडे धावलो. ते म्हणाले, "आरं, रोपवाटिकेतनं दुसरा आणू. लिंब तो लिंब." आणला, लावला, फोटो टाकला. शेजाऱ्यांनी न पाहता "बरोबर" दाबलं. एक बनाबाई राहिली. झाड तिचं, म्हणून तिच्याशिवाय नोंद चढेना.

ती आली, झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हरिबा, काल ह्यो माझ्या गुडघ्याला लागत हुता. आज कमरंला लागतोय. तुझ्या भानगडीत माझ्या मालकाला कशाला वढतोस रं?"

रागावली असती तर मीही आवाज चढवला असता. पण ती कळशी तिथंच ठेवून खाली उतरली. पलटणीत इतकी वर्षं काढली आप्पासो, पण त्या रिकाम्या चढणीवर जसा उभा राहिलो तसा कधी राहिलो नव्हतो. प्रांजलला म्हटलं, लिही पोरी. आणि माझ्याच अंगठ्यानं वहीत चढवलं: झाड शेळीनं खाल्लं. शेळी माझी. जागी दुसरं लावलं आहे. या वेळी बनाबाईनं "बरोबर" दाबलं.

गाव माझ्यावर उखडलं. "टाकी गेली तुज्यापायी!" असं अंबूबाईनं भर रस्त्यात सुनावलं. मी मात्र रोज सकाळी पाठ धरून त्या लिंबाला पाणी घालत राहिलो. चवथ्या की पाचव्या दिवशी बनाबाई मागून येऊन म्हणाली, "बुंध्यात वत, पानांवर काय वततोस?" म्हणजे बोलणं सुरू झालं.

आणि टाकी आली, आप्पासो! त्या शहरातल्या मंडळींना योजनेतल्या बाकी गावांनी कागदावर कळवलं होतं की एकूण एक झाड जगलं. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. मेलेलं झाड आणि शेळीचं नाव कळवणारं गाव एकटं आमचंच. नळ्या आल्या, कुंपणाची जाळीही आली. आता माळावर पोपटी रंग दिसतो. खोटं बोलायची बंदी नाही, पण बोललेलं राहतं, या भीतीनंच अर्धा माळ जगला असं माझं मत आहे.

सगळ्यांना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद.

तुमचा,
हरिबा

ता. क. टाकीबरोबर एक अट आली. झाडं माणसाच्या उंचीची होईपर्यंत चंद्रीनं गावात राहायचं नाही. (बाकी शेळ्यांना मनाई फक्त माळाची आहे. चंद्रीचं नाव वहीत आहे.)

ता. क. हे पत्र तुमच्या हातात देणारा गुंडा टेम्पोवाला वाचून होईपर्यंत थांबणार नाही, त्याला पुढं कराडला जायचं आहे. तो टेम्पोतून काय उतरवतो आहे ते पाहा, दोर घट्ट धरा आणि विहीणबाईंची तुळस आत घ्या.

ता. क. तुम्हाला न विचारता केलं असं समजू नका. काल तुमच्या घरी फोन केला होता. शिवांजलीनं "बरोबर" म्हटलं, विहीणबाईंनी म्हटलं, जावईबापूंनीही म्हटलं. नोंद चढली. तुमची हरकत असेल तर जरूर कळवा, खाली नवी ओळ लिहू.