मास्क तोंडावर होता

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सेफ्टीच्या पदविकेच्या पोर्टफोलिओचं चौथं काम आलं! स्वतः जवळून पाहिलेल्या एका अपघाताचं विश्लेषण. आकृतीसह लिहायचं, वर स्वतःच्या आवाजात सादरीकरण, आणि सगळं ऑनलाइन चढवायचं.

ऑनलाइन वर्गात उर्वी मॅडम स्क्रीनवर म्हणाल्या, "कामगाराची चूक, असं लिहून कुणीही थांबू नका. ती चूक त्याच्यापर्यंत कुठून कुठून चालत आली ते लिहा."

बाकीचे लगेच शंका विचारायला लागले — फाइल किती मोठी चालेल, फॉन्ट कुठला. मी माइक बंद करून बसून राहिलो. मी जवळून पाहिलेला अपघात एकच. जनू.

११ नोव्हेंबर

पहिली पाळी करून आलो. रोह्याहून गाडीत बसलो तेव्हापासून डोक्यात तेच. निडी गेलं, नागोठणं गेलं, कळलंच नाही. कासूला उतरायचं राहणार होतं.

जनू माझ्याच आळीतला. त्यांचं मिठागर बंद पडलं आणि तो आमच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागला. मी पेणच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून तिथंच ऑपरेटर. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो टाकी धुवायला आत उतरला आणि आतच पडला. मी दुसऱ्या पाळीला पोचलो तेव्हा त्याला नुकतं बाहेर काढलं होतं. मास्क तोंडावर होता. पट्टा मागे केसांत अडकलेला — मी सोडवला. माझ्या ह्या बोटांनी.

अहवालात आलं — 'टाकीत असताना कामगाराने मास्क काढला.' मी कंपनीच्या ऑफिसात सांगायला गेलो. "तू तेव्हा ड्युटीवर नव्हतास. तुझा जबाब लागत नाही." पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

मग गावात ते वाढत गेलं. मास्क काढला. तंबाखू मळायला काढला. पिऊनच उतरला होता. नाक्यावर लोक शपथेवर सांगतात!

अहवाल लिहिला कमळाकर सरांनी, कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनी. ह्या पदविकेला प्रत्येकाला कंपनीतला एक मार्गदर्शक लागतो. माझे मार्गदर्शक तेच. पोर्टफोलिओत मी काहीही टाकलं की पहिली सूचना त्यांच्या फोनवर जाते.

१३ नोव्हेंबर

एक ओळ लिहिली नाही. मृणाली म्हणाली, "दुसरा कुठला तरी अपघात घे ना." बायकोला काय सांगू — दुसरा पाहिलाच नाही!

१६ नोव्हेंबर, रविवार

धोंडुबाई काकीकडे गेलो. जनूची आई. ओट्यावर भात पाखडत बसली होती. किमया, त्याची बायको, दाराशी उभी.

"काकी, जनूवर लिहू का? माझ्या कोर्ससाठी."

"कोन वाचनार?"

"शिकवणारे. आणि कंपनीतले एक साहेब."

"साहेब वाचल तर बराच हाय." सूप थांबलं नाही. "लोकं तोंडावर काय बोलत नाय रं. मी नाक्यावर गेले का गप होतान. त्यावरनं समजतंय."

 निघताना किमया पायरीपर्यंत आली. "दादा, सांभालून लिवा."

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहिलं! माणसांची, कंपनीची नावं काढली. बाकी सगळं ठेवलं.

आदल्या दिवशी त्या टाकीत नायट्रोजन सोडला होता. आतली हवा त्याने बाहेर ढकललेली. उतरण्याआधी मीटर आत सोडून प्राणवायू मोजायचा असतो. मीटर दुरुस्तीला गेलं होतं. तरी टाकीत उतरायच्या परवान्यावर सही झाली. आणि जनूला दिलेला मास्क गाळणीचा. आत हवाच नसेल तर गाळणी गाळणार काय? मास्क काढला काय, ठेवला काय — तो मरणारच होता. मग ते खोटं तरी कशाला लिहिलं?

कारण मास्क काढला म्हटलं की गोष्ट तिथंच संपते. परवान्याकडे कुणी बघत नाही.

हे मला लिहिता लिहिता कळलं. दीड वर्ष नुसता संताप होता.

उर्वी मॅडमनी संध्याकाळी फोन केला. फक्त एवढंच विचारलं, "मास्कचं तुम्ही स्वतः पाहिलंय?" म्हटलं, हो. "मग ते वाक्य हलवू नका."

२६ नोव्हेंबर

कमळाकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं ओरडतील. चहा मागवला.

"चांगलं लिहितोस रे तू." मग एक कप माझ्याकडे सरकवला. "नव्या प्लांटला ज्युनिअर सेफ्टी ऑफिसर घ्यायचाय. आपल्यातलाच, कोर्स पुरा केलेला. मी तुझं नाव सुचवणार आहे." कप खाली ठेवला. "ते चौथं काम बदल. ऑगस्टची फायर ड्रिल घे. फोटो मी देतो."

आवाज अजिबात चढवला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं!

मृणालीला सांगितलं. "म्हणजे ऑफिसर?" — चेहरा केवढा उजळला तिचा. मग माझ्याकडे बघून तव्याकडे वळली. भाकऱ्या करता करता म्हणाली, "जनूदादांच्या वर्षश्राद्धाला काकींनी आळीतलं कुणी जेवायला बोलावलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, नाय आली कोन तर?"

३० नोव्हेंबर, रविवार

किमया आली. बसली नाही.

"दादा, कंपनीतना निरोप आलाय. जानेवारीपासून पॅकिंगला घेतान मना." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमी लिवलंय ना, ता आता नको."

"कुणी सांगितलं तुला असं?"

"कोनी नाय. मना समजत नाय का?" मग हळूच, "पोरगी शालंत जातंय माजी. ज्यो गेला त्यो गेला. आईला सांगू नका."

 नाव जनूचं, पण पोर तिची.

२ डिसेंबर

विश्लेषण काढून टाकलं. फायर ड्रिल चढवली. फोटोत सगळे हेल्मेट घालून हसतायत.

३ डिसेंबर

सरांचा फोनवर अंगठा आला. उत्तम!

७ डिसेंबर, रविवार

वर्ग संपल्यावर उर्वी मॅडमनी थांबवलं. "हे नीटनेटकं आहे. आधीचं कुठं गेलं?"

"घरच्या अडचणी, मॅडम."

"बरं." त्यांनी जास्त खोदलं नाही. मीच जास्त बोलत सुटलो — किमयाचं, पॅकिंगचं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मार्क मी देईन. ह्याचेही देईन."



१२ डिसेंबर

जेवण बाजूला ठेवून हे लिहितोय. 

आज पहिली पाळी. तीच टाकी. धुवायला काढलेली. ठेकेदाराचा पुंडलिक नावाचा नवीन माणूस, कमरेला दोर बांधून तयार. गळ्यात मास्क — गाळणीचा! मी मीटर मागितलं. आणलं. बटण दाबलं तर पडदा काळाच. सेल गेलेले की मीटरच गेलेलं, कुणास ठाऊक. परवाना मात्र भरलेला. एक सही बाकी होती, ती माझी.

मी म्हटलं, सही करत नाही. दुसरं मीटर आणा.

सुपरवायझर म्हणाला, "अरे, दुपारी टाकी भरायची हाय." मी टाकीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पुंडलिक एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. "उतरू का नको, सायेब?"

"नको."

कमळाकर सर आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "धनेश, बाजूला हो." म्हटलं, "सर, मीटर आणा, लगेच होतो." ते माझ्याकडे बघत राहिले. मग टाकीकडे.  शेवटी त्यांनीच फोन लावला, शेजारच्या कंपनीतून मीटर मागवलं.

आत सोडलं आणि मीटर ओरडायला लागलं. प्राणवायू नावालाच होता.

पुंडलिक खाली बसला. दोराची गाठ त्याला सोडता येईना.

१३ डिसेंबर

मला प्लांटवरून काढून भंगाराच्या यार्डात टाकलंय. तोंडी आदेश.

परत येताना घरी गेलो नाही, किमयाकडे गेलो. ती विहिरीवर होती. सगळं सांगितलं. ती कळशी खाली ठेवून ऐकत होती.

"कोन उतरनार व्हता?"

"पुंडलिक म्हणून आहे. रामवाडीला राहतो."

"बायको हाय त्याला?"

"आहे."

तिने कळशी उचलली, कमरेवर घेतली. दोन पावलं गेली. थांबली, पण वळली नाही. "मग लिवा, दादा," म्हणाली.

"आणि पॅकिंगचं?"

"लिवा म्हनलं ना!"

१४ डिसेंबर, रविवार

फायर ड्रिल काढली. जनूचं परत चढवलं. खाली कालपरवाची हकीकत जोडली — टाकी तीच, मीटर बंद, परवाना तयार. बटण दाबलं. ह्या वेळी अंगठा आला नाही.

मृणालीने आधी सगळं वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.  रात्री ताटात वाढताना म्हणाली — "जाऊ दे ऑफिसर." आणि डोळे पुसले.

२१ डिसेंबर, रविवार

आज तोंडी परीक्षा झाली, स्क्रीनवरच.

आमच्या घरात रेंज टिकत नाही. काकीच्या ओट्यावर चांगली येते, म्हणून तिथंच बसलो. काकीला म्हटलं, जरा गप्प बस हां. ती भिंतीला टेकून बसली. किमया आत.

पडद्यावर चार चौकोन. उर्वी मॅडम, बाहेरचे एक परीक्षक, मी. चौथा काळा, कॅमेरा बंद — खाली नाव, कमळाकर. मार्गदर्शकाला हजर राहता येतं, हे मी विसरलोच होतो! 

तरी सांगितलं सगळं. आकृती दाखवली. परीक्षकांनी चष्मा काढला. "तुमच्या विश्लेषणाचा पाया हा, की मृताने मास्क काढला नव्हता. कंपनीचा अहवाल उलट सांगतो. तुमच्याकडे काय पुरावा?"

"पुरावा नाही, सर. मास्क मी सोडला त्याच्या तोंडावरनं. पट्टा केसांत अडकला होता. ओढला तर केस तुटतील म्हणून हळू सोडला." बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. "तो तेव्हा गेलेलाच होता. तरी हळू सोडला."

मागून काकी उठली. मी हात केला, बस म्हणून. कुठली ऐकते! माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यात बघत म्हणाली, "व्हता ना तोंडावर? ऐकलंव ना समद्यांनी?"

कुणी तिला थांबवलं नाही. परीक्षक म्हणाले, "ऐकलं, आई."

काळा चौकोन तसाच. आम्ही बंद करेपर्यंत गेला नाही.

काकी नंतर कितीतरी वेळ रडत होती. मला म्हणाली, "मना ह्या ठाव नव्हता. तू हलू सोरलास ता."

२९ डिसेंबर

गेटवर कार्ड चाललं नाही. वॉचमन ओळखीचा, तो खाली बघायला लागला. चौकशी होईपर्यंत निलंबित. कारण — कामात अडथळा.

३ जानेवारी २०२६

निकाल लागला. पास! चौथ्या कामाला सगळ्यात जास्त गुण. शेरा फक्त एका ओळीचा — 'हे काम संबंधित कार्यालयाकडे पाठवावे, अशी शिफारस.' कारखान्यांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला पाठवलं. पोच आली. पुढे काही नाही.

किमया आणि काकी एकदम पेढा मागायला आल्या. किमयाला पॅकिंगचं बोलावणं आलेलं नाही. मी विषय काढायच्या आतच म्हणाली, "दुसरीकडं बघते, दादा."

नाक्यावर अजून तेच चाललंय. एकाने तर मलाच सुनावलं — "परीक्षेत मार्क मिलाया काय पन लिवतान."

८ जानेवारी

घरीच. मृणाली शिकवण्या घेते तेव्हा मी मागच्या दारी बसतो. आज मन फार खचलं. कुणाचं काय भलं झालं ह्यात?

११ जानेवारी, रविवार

कमळाकर सर आले. एकटेच, गाडीने नाही, स्टेशनवरून चालत. म्हणाले, "परवान्यावरची सही माझी होती, धनेश. अहवालही माझाच. मास्क मी पाहिला होता. परवा त्या कार्यालयात जाऊन लेखी देऊन आलो." मग — "जनूच्या आईला मीच सांगायला पाहिजे."

घेऊन गेलो. काकीच्या दारात उभ्यानेच सगळं बोलले. काकीने ऐकून घेतलं. ओरडली नाही. पायात वहाणा घातल्या, आणि म्हणाली, "मना ठाव व्हता. मना नको सांगू. नाक्यावर चल, तिथं सांग."

सर म्हणाले, "चला."