पाठमोरी आजी

प्रिय धाकट्या,

पार्सल मंगळवारी पोचलं. पाटीएवढा संगणक एक, चार्जर एक, छापील कागद एक. टपालखर्च तू भरला होतास. चार्जरची पिन आपल्या जुन्या बोर्डात बसेना म्हणून वायरमनला बोलावलं, त्याचे चाळीस. साठ मागत होता. खोकं नि सुतळी जपून ठेवली आहे, परत पाठवताना लागेल. कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मुलांना खेळायला बसवा, कुठे अडतात ते लिहा, असा सगळ्या घरांना एकच मजकूर. तुझ्या हातची एखादी ओळ असेल म्हणून पाकीट उजेडात धरूनही पाहिलं.

सांगितलंस तसं केलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीची मुलगी, सहा वर्षांची, दुपारी येऊन बसायची. चुणचुणीत आहे. म्हणाली, आजी, तुमचा मुलगा एवढा मोठा झाला तरी खेळच करतो? मी म्हटलं, हो ग, आणि त्याचा त्याला पगार मिळतो. तिला काही ते पटलं नाही.

तिला बटणांच्या दुकानाचा खेळ आवडला. दुकानातली आजी पाच नि चार बटणं मागते, ती मोजून द्यायची. बरोबर आलं की आजी हसून बरणीत टाकते. चुकलं की ना भोंगा, ना लाल फुली; आजी नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राहते. ओळीने तीन उत्तरं बरोबर आल्याशिवाय वळत नाही. पहिल्याच दिवशी पोरीने नऊऐवजी आठ दिली आणि आजी भिंतीकडे वळली. तेव्हापासून तिचं बोट हवेतच. बेरीज येत नाही असं नाही, फरशीवर काड्या मांडल्या तर झटक्यात नऊ म्हणाली. मी समजावलं, अगं, चित्र आहे ते. तर म्हणते, मग तिला वळायला सांगा ना. शुक्रवारी निरोप आला, पोट दुखतंय, येत नाही.

ते ऐकून मी हातातलं काम ठेवून बसले. बेरजेची वही काढली की तुझंही पोट दुखायचं. मी गरम पाणी द्यायची आणि पुन्हा वहीशी बसवायची.

तुझ्यावर मी कधी हात उगारला नाही. शेजारणींना हे अभिमानाने सांगत आले, देवालाही सांगितलं आहे. तू हातचा विसरलास की मी उठून देवापुढे जाऊन बसायची, तुझ्याकडे पाठ करून. उत्तर बरोबर येईपर्यंत बोलायचं नाही. एकदा तर तीन दिवस. तुझे वडील म्हणायचे, पोराकडे बघ तरी, देव काय पळून जातोय? मी माळ ओढत राहायची. मला वाटायचं, मी राग आवरते आहे.

शनिवारी मी एकटीने खेळ लावला आणि मुद्दाम चुकवलं. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, पण भिंतीकडे वळलेल्या त्या आजीच्या पाठीवरचं ठिगळ मीच लावलं होतं. माझ्या हिरव्या पोलक्याला, उजव्या खांद्याखाली चॉकलेटी, एक कोपरा सुटलेला. तू कोपऱ्यासकट काढलं आहेस. केवढा वेळ बघत बसला असशील.

मुद्दाम काढलंस की हातून उतरलं, ते विचारत नाही. नऊ वर्षं आला नाहीस, तेही नाही. पण हा खेळ किती घरांत जाईल. चुकलेल्या मुलाकडे आजीला तोंड करून उभी कर. बोलली नाही तरी चालेल, बघू दे तिला. कुठे अडलं या रकान्यात मी पोरीचं नाही, माझं लिहिलं आहे. मी चुकले. हे एक उत्तर बरोबर धर. उरलेली दोन मला येत नाहीत, ती तू सांग. तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. ते वाया घालवू नकोस, उलट टपाली दोन ओळी कळव.

तुझीच,
आई