बावखलवाडीच्या केंद्रावरचे एकच मत

मी, श्रीमती उर्सुला केनी तुस्कानो, वय त्र्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार बावखलवाडी, उमेळे, तालुका वसई, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. नजर अधू झाली आहे, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलगा लेस्ली याला मिळावे. पुढची ओसरी पाडायची तर पाडावी. तिथे गावाच्या बैठका व्हायच्या, आता कोणी बसत नाही.

२. सोनचाफ्याची वाडी लेस्ली आणि मुलगी टिफनी यांना निम्मी निम्मी. बिल्डरला विकू नये अशी अट घालणार होते. वकील हर्षवर्धन म्हणाले, "बाई, अशी अट कायद्यापुढे टिकत नाही." म्हणून नुसती विनंती समजावी.

३. माझे दागिने सून सुझान हिला. बँकेतली ठेव टिफनीला. आजारपणात तिनेच माझे केले.

४. विहीर आणि तिच्या कडेची जमिनीची पट्टी मी धाकटे दीर शॉन यांना द्यायची ठरवली होती. ती आता लेस्लीला जाईल. असे का, हे मुलांना नीट कळावे म्हणून लिहिते.

गाव महापालिकेत घेऊ नये म्हणून आमच्या वाडीने विधानसभेच्या मतदानावर बहिष्कार टाकला. पुढारी शॉन होते. माझे पती केनी मोर्चात पुढे असत, उपोषणालाही बसले. पण शेवटच्या सभेत ते उठले आणि म्हणाले, "मी मत देणार आहे. लपून नाही, सांगून जातो."

शॉन म्हणाले, "दादा, एक दिवस घरी बस. गाव एक आहे असं दिसू दे."

"गावासाठी दुसरं काय सांगशील ते करीन. हे नको सांगूस."

ते इस्त्रीचा सदरा घालून एकटेच गेले. मोजणीत आमच्या केंद्राच्या यंत्रातून एकच मत निघाले आणि ते कोणाला पडले हे वाडीभर झाले. मत गुप्त असते म्हणतात. माझ्या नवऱ्याचे उघड्यावर पडले. ज्या पक्षाला गाव महापालिकेत हवे होते, त्याच पक्षाचा तो उमेदवार. केनी विकला गेला, असे लोक बोलू लागले.

कारण एवढेच होते. पुराच्या वर्षी लेस्लीला साप चावला, रस्ते पाण्याखाली होते, तेव्हा याच उमेदवाराने होडी आणून पोराला वसईच्या दवाखान्यात पोचवले. त्या वेळी तो कुठल्याच पक्षात नव्हता. मी केनींना म्हटले, "सांगा की लोकांना." ते म्हणाले, "माझं पोर वाचलं, ते मी सभेत मांडणार नाही."

मग टेम्पोवाला त्यांच्या फुलांच्या टोपल्या घेईना. चर्चमध्ये मिस्साला त्यांच्या बाकावर कोणी बसेना. शॉननी तर बोलणेच टाकले. केनी खचत गेले आणि पुढच्या पावसाळ्यात वारले. शवपेटी उचलायला लेस्लीबरोबर बाजारातले त्यांचे सोबती, फुलपाड्याचे फुलवाले आले. त्यांना आमच्या प्रार्थना येत नव्हत्या. ते नुसते हळू चालले. सख्खा भाऊ आपल्या दारात उभा राहून बघत होता.

गाव शेवटी महापालिकेत गेलेच. बहिष्काराच्या सभेत पुढे बसणारे दोघे नंतर त्याच पक्षाची पत्रके वाटत माझ्या दारी आले. मी पाणी दिले, पत्रक घेतले नाही.

गेल्या निवडणुकीत दुपारी मतदानाला गेले तर केंद्र ओस. या वेळी बहिष्कार कोणी टाकला नव्हता. नव्या इमारतींतली माणसे सुटी म्हणून फिरायला गेली होती, आमची तरुण पोरे परदेशात, आणि उरलेल्यांना कशाचेच काही वाटत नव्हते. शाई लावणारी मुलगी म्हणाली, "आजी, बरं झालं आलात." घरी येऊन मला रडू आवरले नाही. असेच ओस केंद्र दिसावे म्हणून माझ्या माणसाला वाळीत टाकले होते.

मागच्या महिन्यात शॉन आले. म्हणाले, "वहिनी, होडी कोणी आणली ते लेस्लीने सांगितलं. मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस?"

ते म्हणाले, "बहिष्कार टाकलाच असता. पण दादाशी बोलणं टाकलं नसतं."

मी त्यांना पट्टीचे सांगितले, आणि शेजारीण धोंडूबाई सोडल्या तर साक्षीला वाडीत दुसरे माणूस उरले नाही हेही सांगितले. ते म्हणाले, "मी करतो सही." वकिलांनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. "मग पट्टी नको," शॉन म्हणाले.

मी त्यांना माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये. मी तसे म्हटलेले नाही. मात्र विहिरीचे पाणी त्यांना कधीही अडवू नये.

५. मला केनींच्या शेजारी पुरावे. वाडीत सर्वांना कळवावे. जे येणार नाहीत त्यांच्यावर राग धरू नये.

६. अंमलबजावणी टिफनीने करावी. मतदार यादीतून माझे नाव तिने वेळेवर काढून घ्यावे; माझ्या नावावर दुसऱ्या कोणी मत देता कामा नये. केनींचे नाव अजून माझ्या नावाच्या वर आहे. ते काढायचा अर्ज करायला माझा हात धजला नाही. दोघांची एकदमच काढावीत.

वाचून घेतले, पटले, म्हणून सही केली.

ठिकाण: उमेळे, वसई
दिनांक: ९ मार्च २०२६

सही: उर्सुला केनी तुस्कानो

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली:
साक्षीदार १: शॉन तुस्कानो, दीर
साक्षीदार २: धोंडूबाई वर्तक, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)