कपाटाकडे वात

चि. देवयानी,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. जपानच्या दक्षिणेचं हे बेट लहान आणि गाव त्याहून लहान. बुटके दगडी गडगे, लाल कौलं, मागे दाट रान. आपल्या कोलशेतच्या खाडीसारखी तिवरंही आहेत, फक्त पाणी स्वच्छ. वादळामुळे बोटी बंद आहेत.

घरमालकीण आजी रोज पहिला भात पितरांपुढे ठेवते. आई म्हणाली असती, "बघा, शिका काही!"

काल व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "आई झोपली आहे गं ताई, नंतर बोल." तेवढ्यात तुझा हात हलला आणि फोनमध्ये मागची खोली दिसली. आईची खाट रिकामी होती. शेजारी जमिनीवर पणती, वात कपाटाकडे, म्हणजे दक्षिणेला. तशी पणती आपल्याकडे कधी लावतात, ते मला माहीत आहे.

मी इथे एकटी, म्हणून लपवलंस. मला ते आवडलेलं नाही. फोनवर बोलवणार नाही, म्हणून या पत्राचा फोटो पाठवते आहे.

तुझ्या सोबतीला सलिल आला का? तू जेवतेस ना?

पणतीत तेल घालत राहा. दहाव्याला मी पोचले नाही आणि कावळा शिवेना, तर हात जोडून आईला सांग, तुझी सुहासिनी वाटेत आहे.

तुझी,
ताई