आधी साबण, मग विषाणू

परभणी, मंगळवार संध्याकाळ

दुपारी चुडाव्याहून वहिनींचा फोन. पुतणीच्या पोटरीला कुत्रं चावलं. आम्ही काही डॉक्टर मिळून इंटरनेटवर संसर्गजन्य रोगांचा मराठी कोश लिहितो, त्यातलं माझं रेबीजचं पान त्यांनी उघडलेलं. "भावजी, कवापासून वाचायलेय, नुसतं विषाणूचंच हाय. करू काय?"

म्हटलं, साबण लावून जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, मग लगेच सरकारी दवाखाना गाठा.

साबणाची ओळ पानाच्या अगदी तळाशी. आमच्या नियमानं आधी विषाणू, मग प्रसार, लक्षणं, शेवटी उपचार.

संध्याकाळी संपादक मॅडमना लांबलचक मेसेज केला, साबण वर घेऊ या म्हणून. सगळ्या पानांचा क्रम एकच हवा, हा त्यांचा आग्रह. चूक नाही तो. इतके जण लिहितात, शिस्त नको? पण घाबरलेली आई साबणापर्यंत पोचणार कधी?

लगेच त्यांचा फोन. "नियमाचं राहू द्या हो. मुलगी कशी आहे ते आधी सांगा!"

सांगितलं, आजची इंजेक्शनं झाली, घरी येऊन खेळायलीय.

मॅडम म्हणाल्या, "सगळ्याच पानांवर घ्या. काय करायचं, ते आधी."