निळीला मिळालेली सूट

३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आधी अभिनंदन. आपली निळी या महिन्यात चाळीस वर्षांची झाली. वर्तमानपत्रात वाचलं की चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना आता रस्ता कर नाही आणि दर वर्षीची तपासणीही नाही. त्यांना अभिजात गाड्या म्हणायचं म्हणे. बघा, दादाच्या शिव्या खाऊन खाऊन निळी अभिजात झाली! मी साठी ओलांडली तरी मला घरात कोणी तसं म्हणत नाही. तुमची धाकटी जाऊ तर मला भंगारात कोण घेईल याची चौकशी करत असते.

आता मुद्द्याचं. दादा गेल्यावर तुम्हीच म्हणाला होतात की किल्ली खुंटीवर आहे, हवी तेव्हा गाडी न्या. मे महिन्यात मी येतो आणि निळी घेऊन जातो. डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यावर नातवंडांना न्यायचं आहे. तपासणीची कटकट नाही म्हटल्यावर तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त वरची धूळ झटकून ठेवा.

मी ठणठणीत आहे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून कशाची घाई नाही. जिनासुद्धा सावकाश चढतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात कुंड्या ठेवल्या आहेत, त्यांच्यापाशी रोज थांबतो. इतकी वर्षं त्याच जिन्यावरून धावत गेलो, पण कुंड्या कधी दिसल्याच नाहीत.

डोक्यावरचा तुमचा हात काढू नका, एवढंच मागणं.

आपला धाकटा दीर

१० मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. धूळ झटकली, पण काम तेवढ्यावर भागणार नाही. वाचनालयातून नियमांचं पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि वाचून काढलं. सूट आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, गाडीत मोठा बदल केलेला नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि कर शून्य असला तरी तो भरावा लागतो. मी शून्य भरायला रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीला विचारलं की यांनी सीटची कव्हरं मी शिवलेली घातली होती, तो बदल धरायचा का. ती इतकी हसली की मागची माणसं माझ्याकडे बघायला लागली. इंजिन तेच आहे ना, सांगाडा तोच आहे ना, मग कव्हरं खुशाल फुलाफुलांची घाला म्हणाली. शिक्का मारलेला कागद मिळाला.

तो घेऊन घरी आले आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. कोटांना अस्तर लावायचं काम पुढ्यात पडलं आहे. दोन टाके घालते, उठते, गॅरेजचं दार उघडते, गाडीवरची चादर उचलून बघते, परत येते. काय बघायचं ते कळत नाही, तरी जाते. हा महिना तपासणीचा. या महिन्यात हे गाडीखाली असायचे, बाहेर नुसते पाय दिसायचे. मी चहा त्या पायांशी नेऊन ठेवायची. तपासनीस नावं ठेवेल या धाकानं एक-एक स्क्रू बघायचे. आता धाकच गेला. मग गाडीखाली कोण जाणार?

गॅरेजच्या पुढच्या दारानं बाहेर, मागच्या दारानं आत, असं करत मी बाजारात जाते, कोट पोचवते, तेवढ्याला ती चालते. पण डोंगरातली वळणं, मागे पोरं. मला वाटतं, सूट असली तरी एकदा तपासून घ्यावी. तोवर पोरांना तारीख सांगू नका.

धाकटीला माझी आठवण सांगा, आणि माझ्यावरचा राग असेल तर तो कळवा, पोटात ठेवू नका.

तुमची वहिनी

१८ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सरकारनं स्वतःहून पाठ सोडली आणि तुम्ही त्याला हाका मारत मागे धावताय! तपासणीवाले काही ना काही काढतातच, त्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. अहो, मीही दादाचाच भाऊ आहे. तो गाडीखाली असायचा तेव्हा बॅटरी कोण धरायचं? निळीचा आवाज बिघडला तर मला झोपेतही कळेल.

पोरांना तारीख सांगून झाली आहे. धाकट्या नातवानं पोहायची चड्डी आत्तापासून घालायला सुरुवात केली आहे, ती तो शाळेच्या कपड्यांखालीही घालतो. आता माघार घेतली तर घरात माझी काय पत राहील?

इकडे सगळं ठीक. बाजार हल्ली दोन हप्त्यांत करतो, मध्ये बाकावर बसायला बरं वाटतं. छातीत जरा जळजळतं, ती जागरणाची. गोळी चघळली की बसते. धाकटी उगाच डोकं खाते, तिच्या पत्रावर विश्वास ठेवू नका.

किल्लीवर माझा हक्क नाही, पण लोभावर आहे असं समजतो.

आपला दीर

२९ मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

मी निळीला तपासणीला नेलंच. तपासनीस कागद बघून म्हणाला की आजी, तुमच्या गाडीला यायची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. त्यानं खांदे उडवले आणि गाडी वर चढवली.

मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी क्लिपखाली गंजून कागदासारखी झाली होती. वरून काही दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. बाजारापुरती ती टिकली असती, पण उतारावर जोरात ब्रेक दाबला असता तर फुटली असती. त्यानं सांगितलं की इतक्या जुन्या गाडीत ती एक फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. नळी बदलून घेतली. निळी आता ठीक आहे.

निळी ठीक आहे, भाऊजी, तरी माझा जीव ठिकाणावर नाही. तुमची दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. आता लिहिते ते मी कोणाला बोलले नव्हते.

यांच्या कारखान्यात दर वर्षी डॉक्टर यायचे. शर्ट काढून रांगेत उभं राहायचा यांना भारी राग. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन म्हणाले की आता त्या रांगेतून सुटलो. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी थांबायला लागले. तिथं एक पिवळं कुत्रं बसायचं. रोज त्याच्यापाशी उभं राहायचं, त्याला थोपटायचं, मग पुढचा चढ चढायचा. मला वाटलं, म्हातारपणी यांना कुत्र्याचा लळा लागला. मी कौतुकानं उरलेली पोळी बांधून द्यायची. हे गेल्यावर एक दिवस ती पोळी घेऊन मी स्वतः गेले. कुत्रं माझ्याकडे ढुंकूनही बघेना. लाँड्रीवाली म्हणाली, साहेब त्याला थोपटायचे कुठे, ते त्याच्या शेजारच्या खांबाला धरून उभे असायचे.

तुम्हाला कुंड्या कधीपासून आवडायला लागल्या?

किल्ली माझ्याकडे आहे. डॉक्टरनं तुम्हाला तपासलं, असं धाकटीच्या अक्षरात आलं की ती देईन. तुमच्या अक्षरात चालणार नाही.

रागावलात तरी चालेल. आधी तपासून घ्या आणि मग सावकाश रागवा.

तुमची वहिनी

५ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न.

गाडी आणि दीर तुम्ही एकाच यार्डात उभे केलेत. आभारी आहे. आम्ही बसनं जाऊ. किल्ली खुंटीवरच राहू द्या.

कळावे.

१६ एप्रिल

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण इथं धावपळ चालू आहे. घाबरू नका, आधी वाचा.

तुमचं पत्र आल्यावर यांनी आठ दिवस घरात कोणाशी धड बोलणं केलं नाही. वहिनींना वाचायचं वेड आहे, म्हणून त्या माझ्यातही वाचत बसतात, असं भिंतीला सांगायचे. गेल्या सोमवारी भाजी घेऊन आम्ही जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर हे नेहमीसारखे थांबले आणि कोपऱ्याकडे बघत राहिले. त्या बाई आदल्या दिवशी घर बदलून गेल्या होत्या. कुंड्या नव्हत्या. हे रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे! जरा वेळानं स्वतःच खाली पायरीवर बसले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले की वहिनीला कळव, उद्या जातो.

गेलो. डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, ती उघडली. आता घरी आणलं आहे. प्रवास सध्या बंद, जिनाही बंद, आणि अंथरुणात हे एका कुशीवर पाच मिनिटं राहत नाहीत. उशी उंच, उशी खाली, खिडकी उघड, खिडकी लाव. तळ्याचं रद्द झालं म्हणून पोरांपेक्षा हेच रुसले आहेत. तुम्हाला पत्र लिहायचं म्हणून कागद मागून घेतात, ती. वहिनींस एवढं लिहितात आणि पेन खाली ठेवतात. म्हणून मी लिहिते आहे. अक्षर माझंच आहे, तुमची अट पुरी झाली.

तुमची माया आहे तशीच हवी आहे, आता जरा जास्तच.

तुमची धाकटी

२० एप्रिल

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचं कोरं पत्र पोचलं असं समजते. पुढचं लिहायची गरज नाही.

धाकटीचं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. हे गेल्यापासून टपालवाला दाराशी आला की मी हातातलं शिवण टाकून उठते. अजूनही उठते. पण परवा पहिल्यांदा असं झालं की पत्र घडी घालून ठेवलं आणि तासभर एका जागी बसून अस्तर शिवलं.

आता ऐका. किल्ली द्यायचं कबूल केलं होतं आणि तुम्ही न्यायला येऊ शकत नाही, म्हणून रविवारी मीच गाडी घेऊन येते. बाजाराच्या पुढे मी कधी चालवली नाही हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ते मला नव्यानं सांगू नका. नकाशा पाठ केला आहे. डोंगर सावकाश चढेन. मागे गाड्या भोंगे वाजवतील, त्यांना वाजवू दे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी तिथं राहीन, मग तळ्यावर मीच नेईन. तुम्ही मागच्या सीटवर, पोरांच्या मध्ये बसायचं, आणि गिअर कधी बदलायचा ते मला सांगायचं नाही.

एक काम मात्र करा. तुमच्या दारासमोरची जागा रविवारी दुपारपासून रिकामी ठेवायला लावा, चांगली लांबलचक, म्हणजे मला सरळ आत येता येईल. यांनी मला गाडी पुढे न्यायला शिकवलं. मागे घ्यायची ते पुढच्या महिन्यात शिकवणार होते.

धाकटीला सांगा, दार उघडं ठेव.

तुमची वहिनी