तेवीस दिवसांचा फेस

१० मार्च, सकाळी ६.१०
निवृत्तीचा दहावा दिवस. चौतीस वर्षं रडारच्या लॅबमध्ये काढली, आता तुम्हाला घरी करमणार नाही असं सगळे म्हणत होते. चूक. काल गांधी बाजारातल्या नागनाथच्या दुकानातून हनी गुरामीची जोडी आणली. जेमतेम दोन इंचांचे मासे. उद्दिष्ट: एप्रिलअखेर पिल्लं.

नागनाथ मूळचा निपाणीचा, म्हणून इथे कानडी मुलखातही मराठी बोलतो. नर घरटं बांधतो, मग मादी अंडी घालते, असं त्याने सांगितलं. पुढेही काही सांगत होता, पण प्रोजेक्ट कसा चालवायचा हे मी आता दुकानदाराकडून शिकणार नाही.

लॅबमध्ये माझ्या खुर्चीत शुभंकर बसतो. अँटेनाची टेस्ट सप्टेंबरपासून फेल होते आहे. मुलगा हुशार आहे, पण माझ्याशिवाय कठीण आहे.

१२ मार्च
घरट्यासाठी टँकमध्ये काथ्या आणि झाडूच्या बारीक काड्या टाकल्या. नर बघतही नाही.

१३ मार्च
काथ्यामुळे पाणी तपकिरी. सगळं बाथरूममध्ये नेऊन बदललं. बायको, विद्या, म्हणाली, तिला शाळेत शिकवायला जायच्या आधी बाथरूम मिळेल का. मिळालं, ८.४० ला.

१४ मार्च, सकाळी ६.००
एका कोपऱ्यात पाण्यावर फेस. विद्या साबणाच्या हाताने टँकचं झाकण उघडते, दुसरं काय. चहाच्या गाळणीने काढून टाकला. विद्या म्हणते ती टँकजवळ फिरकलेलीच नाही.

१८ मार्च
फेस रोज येतो आहे. शेवटच्या पानावर तक्ता आखला: तारीख, वेळ, किती वाट्या. आज अर्धी वाटी. फिल्टर फुल स्पीडवर केला.

नर आळशी आहे. दिवसभर वर तोंड करून एकाच कोपऱ्यात उभा असतो. आमच्या लॅबमध्येही असे होते.

शुभंकरला तीन फोन. तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये होता.

२३ मार्च
नवीन गाळणी आणली. जुनी विद्याने मला कायमची देऊन टाकली.

संकल्प:
शुभंकरला आठवड्यातून दोनदाच फोन.
टँकमध्ये दिवसातून एकदाच हात.

२४ मार्च
टँकमध्ये चार वेळा हात घातला, पण त्यातल्या दोन तपासणीच्या. शुभंकरला फोन एकच. पाऊण तास.

३० मार्च, पाडवा
नागनाथकडे गेलो. नर काम करत नाही, बदलून दे म्हटलं. तो म्हणाला, सर, स्वल्प थांबा, त्याला त्याचं काम करू द्या. मी म्हटलं, वीस दिवस थांबलोय. विद्याच्या मते मी आयुष्यात वीस मिनिटंही थांबलेलो नाही. पाडव्याच्या दिवशी वाद नको. मग टँकची जागा बदलली.

५ एप्रिल
नराचा फोटो काढताना फोन टँकमध्ये पडला. आता तांदळाच्या डब्यात आहे. उद्या सोलापूरला पुतण्या पुष्करच्या मुलाच्या मुंजीला जायचं आहे. विद्याला पेपर तपासायचे आहेत, म्हणून एकटाच. पाच दिवस ना फोन, ना टँक, ना लॅब. तिन्हीचं काय होईल, देव जाणे. विद्यासाठी सूचनांची दोन पानं फ्रिजवर लावली. फेस काढणे, मुद्दा क्रमांक १.

११ एप्रिल, सकाळी ७.१५
आल्या आल्या आधी टँक बघितला. कोपऱ्यात हा एवढा फेस. विद्याने मुद्दा क्रमांक १ सुद्धा पाळला नव्हता. गाळणी उचलली तर तिने मनगट धरलं.

पेपर तपासताना फिल्टरचा आवाज सहन होईना म्हणून तिने तो पहिल्याच दिवशी बंद केला. फेस काढण्याआधी मात्र नागनाथला फोन करून विचारलं. त्याने सांगितलं, अक्का, हात लावू नका, तेच घरटं आहे. नर तोंडाने एकेक बुडबुडा सोडून ते बांधतो.

भिंग लावून पाहिलं. फेसाखाली बारीक, पारदर्शक, स्वल्पविरामाएवढी पिल्लं. एक खाली घसरलं. नराने ते तोंडात धरून परत वर नेऊन ठेवलं.

तक्ता काढला. तेवीस दिवस, तेवीस घरटी. आणि तो आळशी असल्याचं मी या वहीत लिहून ठेवलं आहे. फार वाईट वाटलं.

दुपारी १२.३०
फोन सुरू झाला. शुभंकरचा कालचा मेसेज: सर, पाच दिवस तुमचा फोन नाही, सगळे काळजीत आहोत. तब्येत बरी आहे ना? ता. क. अँटेनाची टेस्ट मंगळवारी पास झाली.

अभिनंदन लिहून पाठवलं. त्याखाली तीन सूचना लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.

दुपारी १.००
पिल्लं मोकळी पोहू लागेपर्यंत टँकला हात लावायचा नाही, असा नागनाथचा निरोप आहे. दोन दिवस तरी लागतील. खुर्ची टँकसमोर ओढून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो आहे. उजवा फक्त हे लिहिण्यापुरता बाहेर काढला.